काट्याला झोपेची गोळी

माझ्या दुकानात शिरणारा प्रत्येक माणूस पहिलं वाक्य तेच बोलतो. "मिस्त्री, काटा बिघडलाय." अडतीस वर्षं झाली, एकही माईचा लाल "मिस्त्री, माझी गाडी बिघडली असावी, काटा तसं सांगतोय" असं म्हणत आलेला नाही. गाडी कुणाचीच बिघडत नाही. बिघडतो तो काटा, आणि त्याच्यावर कुणाचा विश्वास नसतो.

बारामतीत इंदापूर रस्त्याला माझं दुकान आहे. पाटीवर 'ऑटो इलेक्ट्रिक' असं लिहिलंय, पण बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत मला ओळखतात ते मीटरवाला म्हणून. स्टिअरिंगच्या मागे जी काच असते आणि तिच्या आत जे काटे असतात, त्याला आम्ही मीटर म्हणतो. एक काटा वेगाचा, एक पेट्रोलचा, एक इंजिन किती तापलंय त्याचा. आजकालच्या गाड्यांना काटेच नसतात, टीव्ही असतो. त्याची दुखणी लॅपटॉपवाली पोरं बघतात. माझ्याकडे येतात त्या वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या छोट्या गाड्या. एके काळी डॉक्टरच्या, प्राध्यापकाच्या दारात कापडाखाली झाकून ठेवलेल्या. आता त्या पाचव्या मालकाकडे असतात आणि मागच्या सीटवर दुधाचे कॅन, खताच्या गोण्या, क्वचित एखादी शेळीही प्रवास करते.

बाहेरच्या माणसाला या धंद्याचं मर्म दोन मिनिटांत सांगता येतं. काटा स्वतः काही बघत नाही. टाकीत एक तरंगणारा तुकडा असतो, इंजिनावर एक सेन्सर असतो. ते जे सांगतात ते वायरीतून वर येतं आणि काटा तेवढंच दाखवतो. तेव्हा आधी सेन्सरची वायर काढायची आणि गाडीच्या पत्र्याला टेकवायची. काटा उडी मारून वर गेला तर काटाही चांगला आणि वायरही चांगली, दोष सेन्सरचा. जागचा हलला नाही तर वायर तपासायची. आणि सगळे काटे एकदम वेड्यासारखे वागायला लागले तर अर्थिंग बघायचं. एवढंच आहे. याच एवढ्यावर मी घर बांधलं, मुलीचं लग्न केलं आणि अंगी बराच ताठा आणला.

ताठा येण्यासारखी गिऱ्हाइकंही मिळत गेली. सुप्याचा एक शेळ्यांचा व्यापारी आला. म्हणाला, "पेट्रोलचा काटा मेलाय. गाडी घेतल्यापासनं वर आलाच न्हाय."

"टाकी कधी भरली होती?"

"भरून कशाला ठिवायची? चोराला प्यायला? लागंल तसं टाकतो की दोन लिटर."

तीन वर्षं हा गृहस्थ दोन-दोन लिटरवर गाडी चालवत होता आणि काटा खाली का बसलाय म्हणून त्याला शिव्या देत होता. मी त्याला शेजारच्या पंपावर नेलं, पंधरा लिटर टाकायला लावलं. काटा आळस देत उठला. माणूस बराच वेळ बघत राहिला. "काय केलं मिस्त्री? तुमी तर हात बी लावला न्हाय!" त्यानं सुप्यात जाऊन काय सांगितलं देव जाणे, पण पुढच्या महिन्यात तिकडून चार गिऱ्हाइकं आली आणि चौघंही आधी माझ्या हाताकडे बघत होती.

वेगाच्या मीटरची केबल काढून द्या म्हणणारेही येत. ही मंडळी फार सुशिक्षित असतात, हळू आवाजात बोलतात. गाडी रोज पुण्याला जाऊन येते, पण किलोमीटरचे आकडे चातुर्मास पाळतात. पुढे विकताना "एका मास्तरांची गाडी, फक्त शाळेपुरती वापरली" असं सांगता यावं यासाठी. या तालुक्यांतल्या सगळ्या मास्तरांनी मिळून जेवढ्या गाड्या वापरल्या असं सांगितलं जातं, तेवढे मास्तर अख्ख्या जिल्ह्यात नसतील.

आता गोळीबद्दल सांगतो. तेवढ्यासाठीच लिहायला बसलोय, बाकीचं तुम्ही वाचायला लागावं म्हणून.

सोपान नावाचा एक गाड्यांचा दलाल माझ्याकडे येत असे. पांढरी पँट, बोटांत तीन अंगठ्या, कायम घाईत. त्याच्याकडच्या गाड्यांची इंजिनं म्हातारी असायची, गरम व्हायची आणि गिऱ्हाइकानं एक फेरी मारली की काटा लाल रेघेकडे निघायचा. त्याला म्हटलं, यावर माझ्याकडे औषध आहे. सेन्सरची वायर काढायची आणि तिच्या टोकाला मुगाच्या शेंगेच्या तुकड्याएवढा एक रेझिस्टर लावून तो पत्र्याला जोडायचा. काट्याला वाटतं खालून सेन्सरच बोलतोय. चावी फिरवली की तो मधोमध येऊन उभा राहतो आणि इंजिनातून धूर निघाला तरी हलत नाही. सोपाननं त्याला नाव दिलं गोळी. "मिस्त्री, तेवढी गोळी टाका, उद्या गिऱ्हाईक येतंय."

मी टाकत गेलो. आणि नुसती टाकत गेलो नाही, तर कलाकारी केली. वर लाल नळी चढवायची, टोक दोनदा दुमडायचं, त्यावर काळी टेप उलट्या बाजूनं गुंडाळायची. माझं बांधलेलं काम मी अंधारात बोटांनी ओळखीन, असं मी लोकांना सांगायचो. मनाची समजूत अशी होती की मी माणसाला फसवत नाही, काट्याला फसवतो. अशी समजूत घालायला फार अक्कल लागत नाही.

माझ्या डोळ्यावर मला किती भरवसा होता याचा एक दाखला देतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीनं, शुभांगीनं, जुनी छोटी गाडी घ्यायची ठरवली. जावई म्हणाले, इंजिनच्या मेकॅनिकला दाखवू. मी हसलो. इंदापूरच्या दलालाकडे जाऊन त्यानं आणून उभी केलेली गरम गाडी वीस किलोमीटर पळवली आणि जावयांना म्हणालो, "काटा बघा. मधोमध. असं थंड इंजिन शोधून सापडायचं नाही." गाडी घेतली.

ज्ञानदेव आबा आले ते त्याच्या पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी. निरवांगीचे. पाटबंधारे खात्यात कालव्यावर नोकरी केलेली. कालव्यात रंगवलेली पट्टी उभी असते, तिच्यावर पाणी कुठवर आलंय ते दिवसातून ठरल्या वेळी बघून लिहायचं, हे त्यांचं काम. आबा म्हणायचे, "वरच्या लोकांनी लई डाव सांगितलं, आबा, दोन बोटं कमी ल्ही. म्या न्हाय लिवलं. पाणी जितकं हाय तितकं हाय." त्यामुळे त्यांची बदली इतक्या वेळा झाली की कालव्याचा प्रत्येक दरवाजा त्यांना नावानं माहीत होता.

त्यांची गाडी पोरानं दिलेली, तेवीस वर्षांची. मंगळवार आणि शुक्रवार हे त्या गाडीचे वार. हिराकाकींना, म्हणजे आबांच्या बायकोला, डायलिसिसला बारामतीला आणावं लागे. एसटी वेळेवर नसते आणि परतीच्या वेळी काकींना उभं राहवत नाही. तेव्हा ती गाडी म्हणजे त्यांच्या घरातलं दुसरं मशीन होतं, पहिलं दवाखान्यात होतं.

पहिल्या वेळची तक्रार मजेची होती. "मिस्त्री, ब्रेक दाबला की तिन्ही काटं नमस्कार करत्यात."

बघितलं तर डॅशबोर्डावर गणपती. मागे प्रभावळ, प्रभावळीत लाल-निळे दिवे. ब्रेक दाबला की दिवे लागावेत अशी सोय पोरानं करून घेतली होती आणि ज्यानं दिवे बसवले त्यानं त्यांची वायर सरळ मीटरच्या अर्थिंगला गुंडाळली होती. दुखणं सापडलं, पण वायर काढायची तर देव उचलायला हवा. आबा म्हणाले, "थांबा. पायताण काढा." मी चप्पल काढली. मग त्यांनीच मूर्ती उचलून उपरण्यात घेतली आणि काम होईपर्यंत मांडीवर घेऊन बसले. मागच्या सीटवरून काकी म्हणाल्या, "घरी पोराला कदी येवढा येळ मांडीवर धरला न्हाय." दिव्यांना वेगळी वायर दिली, काट्यांची नमस्काराची सवय गेली. मी छाती फुगवून म्हणालो, "आता काटा उगाच हलला तर माझं नाव बदला."

पंधरा दिवसांनी आबा परत आले. "गरमीचा काटा लासुर्ण्याच्या पुढं वर चढतोय. हितं येऊन थांबलो की खाली येतो."

मी सेन्सर तपासला, वायर तपासली, वायर पत्र्याला टेकवली. सगळं ठणठणीत. दुकानासमोर अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. काटा शहाण्यासारखा जागेवर. म्हटलं, "काही नाही आबा, भास आहे."

पुढच्या मंगळवारी पुन्हा. शुक्रवारी पुन्हा. आबांनी आता कागदावर लिहून आणलं होतं. वालचंदनगरला काटा कुठे, जंक्शन गावात कुठे, लासुर्ण्याला कुठे. पट्टी वाचणारा माणूस, खुणेला खूण. आमच्या दुकानात चहाला चार माणसं कायम बसलेली असतात, सोपानही होता. मी तो कागद मोठ्यानं वाचून दाखवला. "पाऊस-पाण्याच्या बातम्या ऐका," म्हणालो. सगळे हसले. आबाही हसले, कारण काकींना घेऊन त्यांना वेळेवर पोहोचायचं होतं आणि मी त्यांना उपयोगाचा माणूस होतो. सोपान म्हणाला, "म्हाताऱ्याला एक गोळी टाका की मिस्त्री. दोघंबी निवांत झोपत्याल."

आणि मी टाकली. आबा काकींना रिक्षानं दवाखान्यात सोडून येईपर्यंत गाडी माझ्याकडेच होती. दहा मिनिटांचं काम. लाल नळी, दुमड, उलटी टेप.

त्या दिवशी एक प्रश्न विचारला असता तर भागलं असतं: "आबा, रेडिएटरला पाणी कुठलं घालता?" आमच्याकडे सगळे बोअरचं घालतात. ते पाणी इतकं मचूळ की नळाची तोटी वर्षात पांढरी होते. तेच रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं गेलं की आतल्या नळ्या चुन्यानं बुजतात. गाडी उभी असताना इंजिनाला श्रम नसतात, भागून जातं. उन्हात, पळताना, चढाला ते तापतं. आबांचा कागद नेमकं हेच सांगत होता, ठिकाणांच्या नावांसकट. पण मी काट्याचा माणूस. बोनेटखालचं इंजिन माझ्या इज्जतीखालचं होतं.

आबा पुढच्या शुक्रवारी डाळिंबं घेऊन आले. काटा गप झाला होता. फक्त जाता जाता थांबले. "मिस्त्री, येक इचारू? सकाळच्याला चावी फिरवली की लगीच काटा मदी येतो. इंजान थंड असताना बी? थंडाला खाली पायजे न्हवं?"

अडतीस वर्षांत मला असा प्रश्न एकाही मेकॅनिकनं विचारला नव्हता. मी म्हणालो, "नवीन पद्धतीचं काम केलंय आबा. तुम्हाला नाही कळायचं."

"बरं बरं," आबा म्हणाले. "तुमी म्हंताय म्हंजी आसंल."

पाच आठवड्यांनी, एका मंगळवारी दुपारी, ती गाडी माझ्या दारात दोरानं ओढून आली. पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे स्टिअरिंगवर आबा. लासुर्ण्याच्या पुढे इंजिन उकळून जाम झालं होतं. एप्रिलचं ऊन, सावलीला एक बाभूळ. तासभर कुणी थांबलं नाही. मग एका टेम्पोवाल्यानं काकींना पुढं घेतलं आणि आबा गाडी तिथंच टाकून बरोबर गेले. दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांचा नंबर गेला होता. मशीन रिकामं होईपर्यंत काकींना धाप लागली, छातीत पाणी भरलं. त्या आत होत्या, नळ्या लावलेल्या. जवळच्या नातेवाइकाला तिथं बसवून आबा परत जाऊन गाडी ओढून घेऊन आले होते, कारण शुक्रवार यायचा होता.

मी वाट बघत होतो की ते माझी गचांडी धरतील. ते ट्रॅक्टरवाल्याला सांगत होते, "मिस्त्रीचं काम चोख हुतं. काटा मदीच हुता, माझी नजर हालली न्हाय त्याच्यावरनं. माझंच कायतरी चुकलं चालवताना." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काटा तुटला न्हाय न्हवं वो आपटून? तुमी येवढा नीट केल्याला."

मी बोनेट उघडलं. खरं सांगायचं तर हात आधी गोळीकडे गेला, ती काढून खिशात टाकायला. इंजिनवाला येण्याआधी. निघाली ती, मुठीत आली. आणि आबा अजून ट्रॅक्टरवाल्याला माझं कौतुक सांगतच होते. ते कौतुक मला ऐकवेना. लाज वाटली, दुसरं काही नाही. मूठ उघडून त्यांच्यापुढे धरली आणि सगळं सांगितलं. ही काय आहे, कधी लावली, का लावली, कोण हसत होतं.

आबांनी ती उचलून तळहातावर घेतली. चष्मा वर करून बघितली. मला वाटलं आता तरी एक शिवी देतील.

"लई बारीक हाय," ते म्हणाले. मग, "किती गाड्यांत घातलीया?"

"मोजल्या नाहीत आबा."

"मंग हुडका," आबा म्हणाले. गोळी माझ्या हातावर परत ठेवली आणि दवाखान्याकडे चालत गेले. रिक्षा आणतो म्हटलं तर नको म्हणाले.

काकी पाचव्या दिवशी घरी आल्या. त्यानंतर मंगळवारी-शुक्रवारी त्यांना न्यायला-आणायला मी माझी गाडी घेऊन जात होतो, आबांच्या गाडीचं इंजिन बांधून होईपर्यंत. त्याचं कौतुक कुणी करू नये. आजही आबा येतात. सकाळी थंड इंजिनावर चावी फिरवून मला काटा दाखवतात. काटा खाली असतो. आबा मान हलवतात आणि मगच चहा घेतात.

मी हुडकायला लागलो. जी जुनी छोटी गाडी येईल, मग ती हॉर्नसाठी का येईना, तिचं बोनेट आधी उघडायचं. टेप चाचपायची. गोळ्या निघायला लागल्या. काढून टाकायचो, सेन्सर जोडून द्यायचो. तर गिऱ्हाइकं भांडायला आली! "मिस्त्री, आदी काटा येवढा शांत हुता, तुमी हात लावला आन वर जायाला लागला. हुता तसा करून द्या." चौघांना मी समजावलं. त्यातले तिघे दुसऱ्या मिस्त्रीकडून गोळी घालून घेऊन गेले. त्या मिस्त्रीला ती मीच शिकवली होती. सोपान आता त्याच्याकडे जातो आणि माझ्याबद्दल सांगतो की म्हाताऱ्याचा हात गेला.

परवा, दसऱ्याच्या आदल्या सकाळी, शुभांगीच्या घरी गेलो. पूजेसाठी गाड्या धुऊन ठेवल्या होत्या. दोन वर्षांत तिच्या गाडीचं बोनेट मी कधी उघडलं नव्हतं. तिची तक्रार नव्हती, गाडी मीच पारखून घेतलेली, आणि ती भेटायला यायची तेव्हा गाडी चालवून आलेली, गरम असायची. ती म्हणाली, "अण्णा, जरा मागे घ्या ना, रांगोळी काढायचीय."

रात्रभर उभी असलेली थंड गाडी. मी चावी फिरवली. काटा सरळ उठून मधोमध येऊन उभा राहिला.

चावी तशीच ठेवून खाली उतरलो, बोनेट उघडलं, आत हात घातला. बघायची गरज पडली नाही. उलटी गुंडाळलेली टेप बोटांना लागली.

याच गाडीतून ती माझ्या नातवाला रोज शाळेत सोडते. मी सेन्सर जोडला, इंजिन तपासायला त्याच दिवशी पाठवलं. मी बोनेट लावायच्या आधीच शुभांगी हात पुसत जवळ आली होती. माझ्या हातातली लाल नळी तिनं बघितली. हे काय म्हणून विचारलं, ती काय करते ते मी सांगितलं.

"म्हणजे इंजिन पेटलं असतं तरी मला कळलं नसतं?" ती म्हणाली. "असली कामं कोण करतं हो अण्णा?"

"असतात लोक," मी म्हणालो.

ज्या दिवाळी अंकाला मी हे पाठवतोय, तो तिच्या घरी येतो. ती तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, जाहिरातींसकट.